मुखत्यारपत्र : अधिकार, कर्तव्ये आणि मर्यादा

आपल्या धर्मप्रांतातील अनेक कुटुंबांची मुळे खेड्यात आणि संसार शहरात, अशी आज स्थिती आहे. सिन्नर तालुक्यातील एखाद्या शेताच्या सातबाऱ्यावर चार-पाच नावे असतात. त्यांपैकी एक भाऊ गावी, दुसरा नाशिकला, तिसरा मुंबईला, बहीण सासरी आणि पुढच्या पिढीतील कोणी आखाती देशात नोकरीला असतो. वृद्ध आईवडिलांना बँकेची, तहसील कचेरीची व दुय्यम निबंधक कार्यालयाची पायरी चढणे जड जाते. अशा वेळी घरातील विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून दिले जाते. इंग्रजी नावावरून लोक त्यास 'पॉवर ऑफ अॅटर्नी' म्हणतात.

हा कागद सोयीचा आहे, तसाच जोखमीचाही आहे. कितीतरी सह्या तो न वाचता केल्या जातात. 'मुखत्यारपत्र मिळाले म्हणजे मी मालक झालो' असे घेणारा समजतो आणि 'आता आपल्या हाती काही उरले नाही' असे देणारा समजतो. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. मुखत्यार हा कारभारी असतो, मालक नसतो. त्याने केलेल्या प्रत्येक व्यवहाराचा हिशेब त्यास द्यावाच लागतो. हे सूत्र लक्षात ठेवले तर या विषयातील बहुतेक नियम आपोआप उलगडतात. प्रस्तुत लेखात त्यांची ओळख करून दिली आहे.

मुखत्यारपत्र म्हणजे काय?

एका व्यक्तीने दुसऱ्या विशिष्ट व्यक्तीला आपल्या वतीने व आपल्या नावाने कामे करण्याचा अधिकार ज्या लेखाने दिला, तो लेख म्हणजे मुखत्यारपत्र. भारतात यासाठी १८८२ सालचा मुखत्यारपत्र अधिनियम आहे. हा कायदा अगदी छोटा असून त्यात मुखत्यारपत्राची व्याख्या व काही मोजक्या तरतुदी आहेत. विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीवाचून स्वतःचा मुखत्यार नेमता येतो, ही तरतूद त्या काळातही या कायद्यात होती. आपल्या भगिनींनी ती ध्यानात ठेवावी. मुखत्याराची कर्तव्ये व त्याच्या अधिकाराचा शेवट यांविषयीचे सविस्तर नियम मात्र १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील अभिकर्त्यासंबंधीच्या प्रकरणात, म्हणजे कलम १८२ ते २३८ मध्ये आहेत.

मुखत्यारपत्र लिहून देणारी व्यक्ती सज्ञान व स्वस्थचित्त असावी लागते. मुखत्यार नेमण्यासाठी मोबदला देण्याची गरज नसते. मुखत्याराने आपल्या अधिकाराच्या मर्यादेत राहून केलेले काम लिहून देणाऱ्याने स्वतः केल्यासारखेच त्याच्यावर बंधनकारक असते. या कागदाची ताकद यात आहे आणि धोकाही यातच आहे.

मुखत्यारपत्राचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. एखाद्या ठरावीक कामासाठी, उदाहरणार्थ एका गटाची मोजणी करून घेण्यासाठी किंवा एका बँक खात्याचे व्यवहार पाहण्यासाठी दिलेले ते विशेष मुखत्यारपत्र. काम संपले की तेही संपते. मिळकत, बँक, कोर्टकचेरी, कर, भाडे अशा अनेक बाबींसाठी व्यापक अधिकार देणारे ते कुलमुखत्यारपत्र. कामापुरता कागद करणे केव्हाही शहाणपणाचे. एका सातबाऱ्यावर वारस नोंद करून घेण्यासाठी सर्व स्थावर मिळकत विकण्याचा अधिकार देण्याचे काहीच कारण नाही.

सिन्नर परिसरात हा विषय निकडीचा का?

सिन्नर हा एके काळी यादवांच्या राजधानीचा गाव. गोंदेश्वराचे मंदिर त्या वैभवाची साक्ष देत उभे आहे. अलीकडच्या काळात माळेगाव व मुसळगाव येथील औद्योगिक वसाहतींनी तालुक्याचे रूप पालटले. नाशिक-पुणे महामार्ग शहराला लागून जातो. त्यात मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाची भर पडली. शिर्डी ते भरवीर हा त्याचा टप्पा २६ मे २०२३ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस उपलब्ध झाला. या मार्गासाठी तालुक्यातील अनेक गावांच्या जमिनी गेल्या आणि उरलेल्या जमिनींना पूर्वी कधी नव्हता एवढा भाव आला.

जेथे जमिनीचा भाव वाढतो, तेथे सह्यांचाही भाव वाढतो. पूर्वी जो कोरडवाहू तुकडा भावाभावांत कोणी विचारीत नसे, त्याच्या मोबदल्यासाठी आता सर्व हिस्सेदारांच्या संमतीची गरज भासते. गावापासून दूर राहणारे हिस्सेदार मग गावातील एकाला मुखत्यारपत्र देतात. ते कोणत्या शब्दांत दिले, यावर पुढे कुटुंबातील सलोखा अवलंबून असतो.

मुखत्याराची कर्तव्ये

उत्पत्तीच्या पुस्तकातील २४ व्या अध्यायात अब्राहाम आपल्या घरच्या जुन्या सेवकाला इसहाकासाठी वधू शोधण्यास पाठवतो. मुखत्याराने कसे वागावे याचा हा उत्तम वस्तुपाठ आहे. सेवक निघण्यापूर्वीच अडचणीचा प्रश्न विचारतो : मुलगी येण्यास तयार झाली नाही तर तुमच्या मुलास तिकडे न्यावे काय? अब्राहाम स्पष्ट मर्यादा घालतो. मुलास तिकडे न्यायचे नाही. मुलगी आली नाही तर सेवक शपथेतून मोकळा. सेवक धन्याचे दहा उंट व मौल्यवान वस्तू घेऊन जातो, परंतु त्यातील काही स्वतःसाठी राखत नाही. यजमानांनी ताट पुढे ठेवले तरी आपण कोणाच्या वतीने व कशासाठी आलो हे सांगितल्याशिवाय तो जेवत नाही. परतल्यावर केलेल्या प्रत्येक गोष्टीचा वृत्तांत तो इसहाकाला देतो.

करार अधिनियमाने मुखत्यारावर जी कर्तव्ये घातली आहेत, ती याच वळणाची आहेत.

१. आज्ञेप्रमाणे वागणे. लिहून देणाऱ्याच्या सूचनांनुसारच काम करावे. सूचना मोडल्यामुळे नुकसान झाले तर मुखत्याराला भरपाई द्यावी लागते (कलम २११).

२. काळजी व कौशल्य. अशा कामात सर्वसाधारण माणसाकडून अपेक्षित असलेली दक्षता मुखत्याराने घ्यावी (कलम २१२). कर भरण्याची मुदत चुकवून दंड बसू देणे हा हलगर्जीपणा आहे.

३. हिशेब देणे. मागणी होताच योग्य हिशेब सादर करावा (कलम २१३). भाऊ भावाकडे हिशेब मागतो तेव्हा त्यात अविश्वास नसतो. तो त्याचा कायदेशीर हक्क आहे.

४. अडचणीत विचारणे. प्रसंग बिकट असेल तर वाजवी प्रयत्न करून लिहून देणाऱ्याशी संपर्क साधावा व त्याचा सल्ला घ्यावा (कलम २१४). फोनच्या आजच्या काळात 'विचारायला वेळ नव्हता' ही सबब सहसा टिकत नाही.

५. स्वतःचा लाभ न साधणे. धन्याच्या मिळकतीचा व्यवहार मुखत्याराने त्याला न सांगता स्वतःशीच केला आणि त्यात महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा धन्याचे नुकसान झाले, तर धन्याला तो व्यवहार नाकारता येतो (कलम २१५). असा छुपा फायदा धन्याला मागताही येतो (कलम २१६). पत्नीच्या, मेहुण्याच्या किंवा मित्राच्या नावाने कमी किमतीत जमीन फिरवणे हे याच दोषाचे नेहमीचे रूप होय.

६. मिळालेली रक्कम पोचवणे. आपला खर्च व ठरलेला मोबदला वजा करून उरलेली सर्व रक्कम लिहून देणाऱ्यास द्यावी (कलम २१७ व २१८).

७. काम स्वतः करणे. जे काम स्वतः करण्याचे मुखत्याराने स्वीकारले, ते रूढीने किंवा कामाच्या स्वरूपामुळे आवश्यक असल्याशिवाय त्याला परस्पर दुसऱ्यावर सोपवता येत नाही (कलम १९०).

कर्तव्ये एकतर्फी नाहीत. मुखत्याराने अधिकारात राहून व कायदेशीरपणे केलेल्या कामामुळे त्याच्यावर काही जबाबदारी आली, तर लिहून देणाऱ्याने त्याची भरपाई करावयाची असते (कलम २२२). घरातील एकाने सर्वांसाठी खेटे घालायचे आणि प्रवासखर्चही स्वतःच सोसायचा, ही रीत न्यायाची नाही.

जाणूनबुजून केलेला अपहार हा फौजदारी गुन्हाही ठरू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये फौजदारी विश्वासघाताची तरतूद आहे.

अधिकाराच्या मर्यादा

न्यायालये मुखत्यारपत्राचा अर्थ काटेकोरपणे लावतात. जो अधिकार स्पष्ट लिहिलेला नाही, तो दिलाच असेल असे गृहीत धरले जात नाही. मिळकतीची देखभाल करण्याच्या अधिकारात ती विकण्याचा अधिकार येत नाही. विकण्याच्या अधिकारात बक्षीस देण्याचा अधिकार येत नाही. भाडे वसूल करण्याच्या अधिकारात मिळकत गहाण टाकण्याचा अधिकार येत नाही.

या संदर्भात एका ख्रिस्ती संस्थेचे प्रकरण उद्बोधक आहे. चेन्नई येथील चर्च ऑफ क्राइस्ट चॅरिटेबल ट्रस्टच्या जमिनीच्या विक्रीचा करार एका मुखत्यारामार्फत झाला असल्याचा दावा एका शैक्षणिक न्यासाने केला होता. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये निकाल देताना मुखत्यारपत्रातील शब्द तपासले. मुखत्यारामार्फत विक्री करावयाची असेल तर विक्रीचा दस्त करून देण्याचा, तो निबंधकापुढे सादर करण्याचा व त्याची कबुली देण्याचा अधिकार मुखत्यारपत्रात स्पष्ट असला पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. त्या कागदात तसा अधिकार नव्हता आणि दावा पहिल्याच पायरीवर फेटाळला गेला. ट्रस्टची जमीन वाचली ती कागदातील मोजक्या शब्दांमुळे.

काही गोष्टी तर कोणत्याही मुखत्यारपत्राने दुसऱ्यावर सोपवता येत नाहीत. दुसऱ्याच्या वतीने मृत्युपत्र करता येत नाही. न्यायालयात मुखत्याराला स्वतःला माहीत असलेल्या गोष्टींची साक्ष देता येते, परंतु ज्या गोष्टी केवळ लिहून देणाऱ्यालाच ठाऊक आहेत, त्यांबद्दल त्याच्या जागी साक्ष देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००४ मध्ये जानकी भोजवानी विरुद्ध इंडसइंड बँक या प्रकरणात हे स्पष्ट केले. वकिलाला दिले जाणारे वकीलपत्र हाही वेगळा कागद आहे. मुखत्यारपत्र मिळाल्याने कोणी वकील होत नाही.

मुखत्यारपत्र म्हणजे खरेदीखत नव्हे

छोटे भूखंड घेताना आपल्या लोकांची सर्वाधिक फसवणूक येथे होते. मुद्रांक शुल्क वाचावे म्हणून, किंवा तुकडेबंदी कायद्यामुळे एक-दोन गुंठ्यांचे खरेदीखत नोंदवता येत नाही म्हणून, साठेखत, कुलमुखत्यारपत्र व ताबा पावती असे कागद नोटरीपुढे केले जातात आणि घेणाऱ्यास 'आता जागा तुमची' असे सांगितले जाते.

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात या प्रथेवर निर्णायक निकाल दिला. स्थावर मिळकतीची मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच हस्तांतरित होते. साठेखत, मुखत्यारपत्र व मृत्युपत्र यांच्या जुळवणीने मालकी मिळत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वेळी जवळच्या नातलगाला विश्वासाने दिलेली खरी मुखत्यारपत्रे या निकालामुळे बाधित होत नाहीत, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. आयुष्यभर कारखान्यात राबून जमवलेली पुंजी अशा कागदांवर घालण्यापूर्वी प्रत्येकाने हा निकाल आठवावा.

मृत्यूनंतर आणि भान हरपल्यावर

मुखत्यारपत्राबाबतचा सर्वांत मोठा गैरसमज याच ठिकाणी आहे. लिहून देणाऱ्याचा मृत्यू झाला की मुखत्यारपत्र संपते (कलम २०१). त्यानंतर खात्यातून पैसे काढणे किंवा खरेदीखतावर सही करणे हा मुखत्याराचा अधिकार उरत नाही. अपवाद एवढाच, की मुखत्याराला स्वतःलाच मृत्यूची वार्ता नव्हती आणि त्याने सद्भावनेने एखादी रक्कम चुकती केली, तर कायदा त्याला संरक्षण देतो. घरात राहून बापाला खांदा देणाऱ्या मुलाला ही सबब कशी मिळेल?

समजा, वडिलांनी थोरल्या मुलाला कुलमुखत्यारपत्र दिले आहे. वडील वारले. काही महिन्यांनी तो कागद पुढे करून मुलाने जमीन विकली. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा अधिनियम लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवा पत्नीला एक तृतीयांश व उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांना समान वाट्याने मिळतात. मुलगा आणि मुलगी, विवाहित आणि अविवाहित, असा भेद त्यात नाही. वडील गेले त्या क्षणी आई व बहिणी हक्कदार झाल्या. त्यांनी त्या मुलाला कोणताही अधिकार दिलेला नाही. मृत्यू लपवून केलेल्या अशा व्यवहाराला त्यांना न्यायालयात आव्हान देता येते. योग्य मार्ग असा, की आधी महसूल दप्तरी वारस नोंद करून घ्यावी आणि नंतर सर्व वारसांनी मिळून व्यवहार करावा, अथवा त्यांनी नव्याने मुखत्यारपत्र द्यावे.

अधिकार संपला तरी एक कर्तव्य उरते. मृत्यूनंतर वारसांसाठी, सोपवलेल्या मालमत्तेचे रक्षण होईल अशी वाजवी पावले मुखत्याराने उचलावयाची असतात (कलम २०९). कागदपत्रे, पावत्या व चाव्या वारसांच्या हाती सोपवणे हा त्या कर्तव्याचाच भाग होय.

दुसरा प्रसंग स्मृतिभ्रंशाचा किंवा कोमाचा. अनेक पाश्चात्त्य देशांत लिहून देणाऱ्याचे भान हरपल्यावरही चालू राहणारे मुखत्यारपत्र करता येते. आपल्या करार अधिनियमानुसार मात्र लिहून देणारा मनोविकल झाला की मुखत्याराचा अधिकार संपतो. ज्या काळात मुखत्याराची सर्वांत अधिक गरज असते, त्याच काळात कागद निकामी होतो. कोमात गेलेल्या रुग्णाच्या जोडीदाराला पालक नेमण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालील अधिकार वापरले आहेत. २०२० मधील असा एक निकाल प्रसिद्ध आहे. म्हणून संयुक्त खाते, नामनिर्देशन व मृत्युपत्र यांची तजवीज धडधाकट असतानाच करावी.

औषधोपचाराचे निर्णय हाही स्वतंत्र विषय आहे. मालमत्तेच्या मुखत्यारपत्रातून रुग्णाच्या उपचारांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ मध्ये मानसिक आजारावरील उपचारांसाठी प्रतिनिधी नेमण्याची सोय आहे. अखेरच्या आजारातील उपचारांविषयी आगाऊ इच्छा लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये मान्यता दिली व जानेवारी २०२३ मध्ये तिची पद्धत सुलभ केली. असा लेख करताना ख्रिस्तसभेची शिकवण स्मरणात असावी. हेतुपुरस्सर प्राण घेणे ती मान्य करीत नाही. परंतु फलप्राप्तीच्या मानाने अतिरेकी व असह्य ठरणारे उपचार थांबवण्यास ती मनाई करीत नाही.

मुखत्यारपत्र रद्द कसे करावे?

ज्याने अधिकार दिला त्याला तो काढून घेता येतो. मुखत्यारालाही जबाबदारी सोडता येते. मात्र दोघांनीही वाजवी पूर्वसूचना द्यावी. मुखत्यारपत्र नोंदणीकृत असेल तर रद्द करण्याचा लेखही नोंदवून घ्यावा. मुखत्याराला पोच मिळेल अशा टपालाने नोटीस पाठवावी, मूळ कागद परत मागावा आणि बँक, गृहनिर्माण संस्था व व्यवहारातील इतर संबंधितांना लेखी कळवावे. मिळकत मोठी असेल तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी. हे करण्याचे कारण असे, की त्रयस्थ व्यक्तींच्या बाबतीत अधिकाराचा शेवट त्यांना तो कळल्यापासूनच लागू होतो (कलम २०८). घरात बसून कागद फाडून टाकल्याने रद्दबातल होत नाही.

याला अपवाद एकच. ज्या मालमत्तेविषयी मुखत्यारपत्र आहे तिच्यात मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल, उदाहरणार्थ त्याचे कर्ज तिच्या विक्रीतून फेडावयाचे असेल, तर त्यास बाध येईल अशा रीतीने अधिकार संपवता येत नाही (कलम २०२). म्हणून 'हे मुखत्यारपत्र कधीही रद्द न होणारे आहे' असे वाक्य मसुद्यात दिसले तर तेथेच थांबून वकिलाला विचारावे. स्थावर मिळकतीच्या हस्तांतरणासंबंधी अशा मुखत्यारपत्राची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे.

नोंदणी, मुद्रांक व परदेशातील नातेवाईक

आपण सही केलेला दस्त दुसऱ्याने आपल्या वतीने दुय्यम निबंधकापुढे सादर करावा असे वाटत असेल, तर १९०८ च्या नोंदणी अधिनियमातील कलम ३३ प्रमाणे मुखत्यारपत्र निबंधकापुढे करून प्रमाणित करून घ्यावे लागते. भारतात राहणाऱ्यासाठी केवळ नोटरीचा शिक्का तेथे पुरत नाही. जमिनीशी संबंधित कोणतेही मुखत्यारपत्र नोंदवून घेणे हितावह. आजारी किंवा अपंग व्यक्तीला कार्यालयात हजर राहण्यापासून सूट देण्याची व घरी येऊन खात्री करून घेण्याची तरतूद कायद्यात आहे. अंथरुणाला खिळलेल्या आईला रिक्षात घालून नेण्यापूर्वी तिची चौकशी करावी.

परदेशात असलेल्या व्यक्तीला तेथील नोटरीपुढे किंवा भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र करता येते. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते. आखाती देशांत काम करणाऱ्या आपल्या तरुणांकडून ही मुदत सहज चुकते.

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार आईवडील, भाऊबहीण, पती-पत्नी, मुले, नातवंडे अशा जवळच्या नात्यात मोबदल्याशिवाय दिलेल्या विक्रीच्या मुखत्यारपत्रावर ठरावीक अल्प शुल्क असते. मोबदला घेऊन दिलेल्या अशाच मुखत्यारपत्रावर खरेदीखताइतके शुल्क आकारले जाते. शुल्काचे दर वेळोवेळी बदलतात. ते प्रत्यक्ष कार्यालयात विचारून घ्यावेत.

ख्रिस्तसभेच्या कायद्यातील मुखत्यार

ही संकल्पना ख्रिस्तसभेला नवी नाही. १९८३ च्या कॅनन कायद्याच्या संहितेत प्रतिनिधीमार्फत विवाहाची तरतूद आहे. त्यासाठी विशिष्ट व्यक्तीशी विवाह करण्याचे खास अधिकारपत्र लागते, प्रतिनिधी लिहून देणाऱ्याने स्वतः नेमलेला असावा लागतो आणि त्याने ते काम जातीने करावे लागते (कॅनन ११०५). अशा विवाहाला उपस्थित राहण्यासाठी धर्मगुरूंना धर्मप्रांताच्या अधिकाऱ्यांची अनुमती घ्यावी लागते. विवाहापूर्वी लिहून देणाऱ्याने अधिकार मागे घेतला किंवा त्याचे भान हरपले, तर प्रतिनिधीला ते ठाऊक नसले तरीही विवाह अवैध ठरतो. संमतीच्या बाबतीत ख्रिस्तसभा किती कठोर आहे हे यावरून दिसते. धर्मप्रांतीय न्यायालयातही प्रतिनिधीने आपले अधिकारपत्र आधी दाखल करावयाचे असते, आणि दावा सोडून देणे किंवा तडजोड करणे यांसाठी त्याला खास अधिकार लागतो (कॅनन १४८४ व १४८५).

चर्चच्या मालमत्तेच्या कारभाऱ्यांवरही हीच शिस्त आहे. त्यांनी दक्ष कुटुंबप्रमुखाप्रमाणे कारभार करावा (कॅनन १२८४), विश्वासूजनांनी दिलेल्या देणग्यांचा हिशेब त्यांना द्यावा (कॅनन १२८७) आणि किरकोळ बाब सोडल्यास चर्चची मालमत्ता कारभाऱ्यांना किंवा त्यांच्या चौथ्या पायरीपर्यंतच्या नातलगांना खास लेखी परवानगीशिवाय विकू अथवा भाड्याने देऊ नये (कॅनन १२९८). याशिवाय सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकण्यापूर्वी १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. एखाद्याच्या हाती धर्मप्रांतीय न्यासाचे मुखत्यारपत्र आहे एवढ्यावरून चर्चची जागा घेण्याचा व्यवहार कोणीही करू नये.

लिहून देण्यापूर्वी

कागद आपल्याला समजणाऱ्या भाषेत वाचून घ्यावा. इंग्रजी मसुदा असेल तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये. कोऱ्या मुद्रांकपत्रावर कधीही सही करू नये.

गट क्रमांक, खाते क्रमांक व कामाचे स्वरूप नेमके लिहावे. 'सर्व प्रकारची सर्व कामे' अशा शब्दांवर विसंबू नये.

विक्री, गहाण, बक्षीस, हक्कसोड व कर्ज यांपैकी जे अधिकार द्यावयाचे नाहीत, ते 'दिलेले नाहीत' असे स्पष्ट लिहावे.

मुदत घालावी. काम सहा महिन्यांचे असेल तर कागदही तेवढ्याच काळाचा असावा.

मोठ्या व्यवहारासाठी दोघांना नेमून 'दोघांनी मिळूनच सही करावी' असे लिहिता येते. एक मुलगा व एक मुलगी अशी निवड केली तर घरातील संशय पुष्कळ कमी होतो.

विक्रीची रक्कम थेट लिहून देणाऱ्याच्या खात्यात जमा व्हावी अशी अट घालावी. मूळ कागदाची एक साक्षांकित प्रत आपल्याजवळ ठेवावी.

मुखत्यार होण्यापूर्वी

आपला पैसा व त्यांचा पैसा एका खात्यात मिसळू नये. एक वही करून जमा, खर्च व तारीख लिहावी आणि पावत्या जपाव्यात. सही करताना आपण कोणाचे मुखत्यार म्हणून सही करीत आहोत ते लिहावे. वर्षातून एकदा, कोणी मागण्याची वाट न पाहता, हिशेब सर्वांपुढे ठेवावा. ज्या कामात आपला स्वतःचा लाभ आहे, ते आधी सांगून लेखी संमती घेतल्यावरच करावे. जे झेपणार नाही ते नम्रपणे नाकारावे.

वृद्धांच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. मुखत्यारपत्र देणे हे त्यांच्या इच्छेवर अवलंबून आहे. सांभाळण्याच्या बदल्यात ते मागणे हा दबाव होय. देखभालीच्या अटीवर मिळकत दिल्यानंतर मुलांनी वृद्धांना वाऱ्यावर सोडले, तर आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाविषयीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ते हस्तांतरण रद्द करवून घेता येते. त्यासाठीच्या न्यायाधिकरणाचे काम महाराष्ट्रात उपविभागीय अधिकारी पाहतात. त्यांच्याकडे साधा अर्ज करता येतो.

वर दिलेली माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्येक कुटुंबाचे कागद वेगळे असतात. म्हणून सही करण्यापूर्वी जाणत्या वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी तालुका विधी सेवा समितीमार्फत मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. स्त्रियांना तर उत्पन्नाची अट न लावता ते मिळू शकते. आपल्या कपाटात एखादे जुने मुखत्यारपत्र पडून असेल तर ते या आठवड्यात काढून वाचावे. लिहून देणारा हयात आहे काय, काम संपले आहे काय, हिशेब दिला आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर समाधानकारक नसेल तर भावंडांना एकत्र बसवून ते काम पूर्ण करावे.